अलेक्झांड्रियाची वाट सोपाऱ्यावरून जाते

परदेशी सहल हा विषय आपल्या घरांतून आता नवा राहिलेला नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्यांची नातवंडे आज पासपोर्ट घेऊन देशोदेशी जातात. ही वाट बाबासाहेबांनी घडवली, याचा विसर आपल्याला पडू नये. कोणी शिक्षणासाठी जाते, कोणी नोकरीसाठी, कोणी चार दिवस हवापालटाला. धम्माची ओढ असलेली मंडळी श्रीलंकेला, थायलंडला, लुंबिनीला जाऊन येतात. आमच्या घरात मात्र एका अनपेक्षित शहराचे नाव निघाले आणि त्यावरून बरेच दिवस खल चालला. त्या खलातून जे हाती आले ते वाचक बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

ते शहर म्हणजे इजिप्त देशातले, भूमध्य समुद्राच्या काठचे प्राचीन बंदर अलेक्झांड्रिया.

नाव मी काढले. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या पैशांतली थोडी रक्कम मी एका लांबच्या प्रवासासाठी बाजूला ठेवली होती. मुलगी म्हणाली, "आई, दुबईला जाऊ या, सोयीचं पडेल." मी अलेक्झांड्रिया म्हटल्यावर ती हसली. आमचे हे हसले नाहीत. त्यांनी सरळ विचारले, "बुद्धगयेला गेलो, तिथं तथागतांना बोधी मिळाली. नागपूरला जातो, तिथं बाबासाहेबांनी दीक्षा दिली. अलेक्झांड्रियात आपलं कोण आहे?"

प्रश्न रास्त होता. आपला पैसा वाडवडिलांच्या ठेवीतून आलेला नसतो. एकेक इयत्ता शिकून, एकेक पगार राखून तो साठलेला असतो. तो कुठे खर्च करायचा, याचा जाब घरातल्या माणसांनी विचारलाच पाहिजे. म्हणून मी म्हटले, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय तिकीट काढायचे नाही.

पहिले उत्तर घरातच बसले होते. सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. कोपऱ्यात बसून त्या सगळे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अलेक्झांडी? ते नाव ह्यांच्या गाठींवर असायचं."

आमचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, मुंबईच्या गोदीत कामगार होते. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांना तलम कापडासाठी लांब धाग्याचा मिसरी कापूस लागे. तो जहाजाने येई. त्याच्या गाठी अलेक्झांड्रिया बंदरातून चढवलेल्या असत आणि तसे नाव त्यांच्यावर छापलेले असे. आबा रात्रीच्या शाळेत इंग्रजी अक्षरे शिकले आणि त्यांची उजळणी त्यांनी या गाठींवरच केली. रात्री घरी आले की पोरांच्या नकाशाच्या पुस्तकात ते नाव शोधायला लावत. बसरा, एडन, मोम्बासा, अलेक्झांड्रिया ही नावे आमच्या ह्यांना शाळेच्या आधी बापाच्या तोंडून कळली. बत्तीस वर्षे आबांनी दुसऱ्यांची जहाजे रिकामी केली. स्वतः प्रवासी म्हणून ते एकाही जहाजावर चढले नाहीत. त्यांचा लोखंडी आकडा, गाठ ओढायचा, अजून आमच्या माळ्यावर आहे.

सासूबाईंचे हे बोलणे ऐकून हे गप्प झाले. पण एवढ्याने माझे समाधान होणार नव्हते. आबांची आठवण ही आमच्या घरापुरती झाली. समाजाच्या दृष्टीने त्या शहराशी आपले नाते काय, हे मला पाहायचे होते. म्हणून मी पुस्तके काढून बसले.

आम्ही उलव्याला राहतो. इथून खाडी दिसते. खाडीपलीकडे मुंबई आहे आणि समुद्रात घारापुरीचे बेट आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, डिसेंबर २०२५ पासून विमानतळ सुरू झाला. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडून सपाट केली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला. नव्याने राहायला आलेल्यांना वाटते की हा मुलूख कालपरवा वसला. परंतु हा किनारा दोन हजार वर्षांपूर्वीही जगाच्या व्यापारात होता. समोरच्या घारापुरीच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचा ढिगारा आहे आणि त्याच बेटावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या उंच मातीच्या घड्यांची खापरे सापडली आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात आपल्या किनाऱ्यावरील सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांची नावे आहेत. पैठणहून अकीकासारखे दगड आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाहून कापड गाड्यांतून भडोचला नेत, हेही त्यात आहे. इकडचा माल तांबड्या समुद्रावरील बंदरांत उतरे, तिथून उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईल नदीवर येई आणि नदीतून होडीने थेट अलेक्झांड्रियाला पोचे. तिकडची जहाजे जुलैत निघत आणि आपल्या मोसमी वाऱ्यांच्या आधाराने इकडे येत. डिसेंबर-जानेवारीत वारे उलटे फिरले की परत जात. स्ट्रॅबो नावाच्या लेखकाने लिहिले आहे की त्याच्या काळी इजिप्तच्या एकाच बंदरातून वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानकडे निघत.

आबा ज्या गाठी उचलत तो कापूस अलेक्झांड्रियाहून मुंबईला येई. त्यांच्या दोन हजार वर्षे आधी महाराष्ट्रातल्या कोष्ट्यांनी विणलेले कापड इथून तिकडे जाई. जगाचा व्यवहार असा दोन्ही बाजूंनी चालतो. फक्त गाठ उचलणाऱ्याचे नाव कुठल्याच बाजूच्या वहीत सापडत नाही.

आता धम्माचे पाहू. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात, धम्माने मिळवलेल्या विजयाचे वर्णन करताना, पश्चिमेकडील पाच राजांची नावे आली आहेत. त्यातले एक नाव 'तुरमय' असे आहे. हा तुरमय म्हणजे इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी. त्याची राजधानी अलेक्झांड्रिया. याच राजाच्या कारकिर्दीत तिथला जगप्रसिद्ध दीपस्तंभ पुरा झाला. तो प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत गणला जाई. म्हणजे अशोकाच्या राज्यात, दगडावर, आपल्या लिपीत त्या शहराच्या राजाचे नाव कोरले गेले आहे.

पुढे इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियातच क्लेमेंट नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने लिहिले की हिंदुस्थानात 'बुट्टा'च्या उपदेशाप्रमाणे वागणारे लोक आहेत. पाश्चात्य ग्रंथांत तथागतांचा जो अगदी आरंभीचा उल्लेख सापडतो, तो या शहरातला आहे. त्याच्या शंभरएक वर्षे आधी डायो नावाच्या वक्त्याने अलेक्झांड्रियाच्या लोकांपुढे भाषण केले. त्यात त्याने सांगितले की तुमच्यात बसून खेळ पाहणाऱ्यांमध्ये थोडे हिंदी लोकही आहेत.

सर्वांत मोठी गोष्ट अलीकडची आहे. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे जुने बंदर आहे. तिथे इसिस देवतेच्या मंदिराच्या आवारात जानेवारी २०२२ मध्ये उत्खनन करताना तथागतांची उभी संगमरवरी मूर्ती सापडली. एप्रिल २०२३ मध्ये ही बातमी जाहीर झाली. मूर्ती ७१ सेंटिमीटर उंच आहे आणि दुसऱ्या शतकातली आहे. दगड इस्तंबूलकडचा आहे, आणि ती बहुधा अलेक्झांड्रियातच घडवली असावी असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. त्याच बंदरात आपल्या सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. ही माहिती मी घरात वाचून दाखवली तेव्हा हे म्हणाले, "म्हणजे तिथं आपलं कोण, ते कळलं."

रविवारी विहारात वंदनेनंतर मी हा विषय सांगितला. एका तरुणाने उत्साहाने मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला. इजिप्तच्या अलेक्झांड्रियातून तीस हजार भिक्खू श्रीलंकेच्या महास्तूपाच्या समारंभाला आले होते, असे त्यात होते. टाळ्या पडल्या. मला मात्र उभे राहून बोलावे लागले. महावंसात तीस हजार भिक्खूंना घेऊन आलेल्या योन महाधम्मरक्खितांचा उल्लेख आहे हे खरे. ते 'अलसंद' या योनांच्या नगरातून आले असे त्यात म्हटले आहे. परंतु सिकंदराने आपल्या नावाची अनेक गावे वसवली होती. हे अलसंद म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात काबूलच्या उत्तरेचे नगर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते इजिप्तचे नव्हे.

त्या तरुणाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मॅडम, आपलाच इतिहास आपणच कशाला कमी करायचा?" मी म्हटले, "बाळ, कमी करत नाही, पक्का करते." बाबासाहेबांनी एक ओळ लिहिण्याआधी दहा ग्रंथ पाहिले. त्यांच्या अनुयायांनी आलेला मजकूर न तपासता पुढे पाठवणे शोभत नाही. तेराव्या शिलालेखातला तुरमय, क्लेमेंटचा बुट्टा, बेरेनिकेची मूर्ती हे पुरावे दगडासारखे पक्के आहेत. त्यांच्या शेजारी एक कच्ची वीट ठेवली की विरोधक त्या एका विटेवर बोट ठेवून सगळी भिंत खोटी ठरवतो. यावर विहारात पुष्कळ चर्चा झाली. तरुणाने शेवटी मला पुस्तकांची नावे लिहून मागितली. मला टाळ्यांपेक्षा त्याचा आनंद जास्त झाला.

याच शोधात मला आमच्या सहलीचा नियमच सापडला, तोही आपल्याच किनाऱ्यावर. नालासोपाऱ्याजवळचे सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. हा आठवा लेख कशाविषयी आहे? तो प्रवासाविषयी आहे! अशोक म्हणतो की पूर्वीचे राजे विहारयात्रा करीत. विहारयात्रा म्हणजे शिकार आणि मौजमजा. मी मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. धम्मयात्रेत काय करायचे, तेही त्याने सांगितले आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान द्यायचे, वृद्धांना भेटून त्यांना साहाय्य करायचे, गावोगावच्या लोकांना भेटायचे, धम्माविषयी सांगायचे आणि विचारायचे. यात त्याला अधिक आनंद मिळे.

सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात आजच्या सहलीचा सगळा आराखडा आला. शहर पाहून, फोटो काढून, खरेदी करून परत येणे ही विहारयात्रा. तिथल्या वृद्धांना भेटणे, कष्टकऱ्यांना भेटणे, विचारणे, ऐकणे आणि घरी येऊन सांगणे ही धम्मयात्रा. पैसा तेवढाच लागतो. फरक तयारीचा आहे.

सोपाऱ्याचा आणखी एक माणूस मला या प्रवासात भेटला. तो म्हणजे पूर्ण, पालीत पुण्ण. 'दिव्यावदान' ग्रंथात त्याची कथा आहे. तो सोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्याचा दासीपासून झालेला मुलगा. दासीपुत्र म्हणून त्याला घरच्या संपत्तीत वाटा मिळाला नाही. पण अक्कलहुशारीने तो मोठा व्यापारी झाला आणि सहा वेळा समुद्र पार करून सुखरूप परतला. पुढच्या सफरीत जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी होते. ते रात्री काही म्हणत. पूर्ण म्हणाला, तुमची गाणी फार सुंदर आहेत. ते म्हणाले, ही गाणी नव्हेत, बुद्धवचने आहेत. 'बुद्ध' हा शब्द त्याने प्रथम ऐकला तो असा भर समुद्रात, जहाजावर. पुढे तो तथागतांचा भिक्खू झाला आणि धम्म घेऊन आपल्या माणसांत परत आला.

याच्या उलट बौधायनाचे धर्मसूत्र पाहा. त्यात समुद्रप्रवास हे पतनाचे कारण मानले आहे. समुद्र ओलांडला की जात जाते, ही भीती या देशाने शेकडो वर्षे पाळली. धम्माने दासीपुत्राला समुद्र मोकळा केला होता. जातिधर्माने तोच समुद्र मोठमोठ्यांनाही बंद केला. आबांच्या वेळी जहाजात बसायला शास्त्राची बंदी नव्हती. पण गरिबीची होती, आणि ती गरिबीही जातीनेच लादलेली होती.

समुद्राची ही वाट तिकडूनही इकडे आली. महावंसात आहे की तिसऱ्या संगीतीनंतर अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात, धम्म सांगायला योनक धम्मरक्खित या थेरांना पाठवले. योनक म्हणजे ग्रीक वंशाचे. कोकणाला धम्म सांगणारा तो भिक्खू परकीय रक्ताचा होता. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेले खांब आहेत, आणि तिथेच सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दिलेलाही खांब आहे. एकाच छताखाली यवन आणि सोपारकर यांचे खांब भार वाहत उभे आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल या यवनाने पाण्याची टाकी दिली, चिट या यवनाने भिक्खुसंघासाठी भोजनमंडप दिला. पाण्याची टाकी! ज्या देशात पुढे माणसाला पाणी नाकारले गेले, त्या देशात परक्या माणसाने संघाला पाणी दिले, हे दगडावर लिहिलेले आहे.

एवढी तयारी झाल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे. कैरोहून अलेक्झांड्रियाला आगगाडीने सुमारे अडीच-तीन तास लागतात. व्हिसा आधी काढायचा. तिकडे पाऊस हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत पडतो, म्हणून नोव्हेंबर बरा. अलेक्झांड्रियात चार दिवस ठरवले. पहिल्या दिवशी समुद्रकाठाने चालत कैतबे किल्ल्यापर्यंत. दीपस्तंभ भूकंपांनी पडला आणि त्याच जागी पंधराव्या शतकात हा किल्ला बांधला. दुसरा दिवस नव्या ग्रंथालयासाठी. प्राचीन ग्रंथालय नष्ट झाले, त्याच्या स्मरणार्थ २००२ साली हे नवे उभारले. त्याच्या बाहेरच्या दगडी भिंतीवर जगातल्या सुमारे १२० लिप्यांची अक्षरे कोरली आहेत. तिथे आपली अक्षरे शोधायचे काम मुलीने स्वतःकडे घेतले. ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले, त्याने ती भिंत पाहायलाच हवी. तिसरा दिवस २०२३ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलेल्या ग्रीक-रोमन वस्तुसंग्रहालयासाठी. चौथा दिवस रिकामा ठेवला, माणसांसाठी. जेवणाची काळजी नाही. तिथे भात, मसूर, शेवया आणि तळलेला कांदा यांची 'कोशारी' मिळते, आपल्या खिचडीची बहीणच म्हणा. बेरेनिके फार दक्षिणेला आणि वाळवंटात आहे, ते या खेपेला सोडले.

सगळे ठरले, आणि गावाहून दिरांचा फोन आला.

पुतण्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती मंजूर होणार, पण पैसे उशिरा येणार, आणि कॉलेज म्हणत होते की फी आत्ता भरा, नाहीतर जागा जाईल. रक्कम आमच्या सहलीच्या पैशांच्या निम्म्याहून जास्त होती. दिरांनी मागितले नाही. त्यांनी फक्त सांगितले, आणि आम्हाला कळले.

त्या रात्री घरात कोणी फार बोलले नाही. मुलगी म्हणाली, "कर्ज काढू, सहल रद्द नको." हे म्हणाले, "शिक्षणाच्या आड सहल यायची नाही." मलाही तेच वाटत होते, पण मन जड झाले होते ते दुसऱ्याच कारणाने. प्रवास वर्षभर पुढे ढकलणे मला, ह्यांना परवडते. त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना परवडेल का? त्या येणार नव्हत्याच, पण परत येऊन सांगायचे होते ते त्यांनाच.

त्यांनीच निकाल दिला. म्हणाल्या, "पोराची फी आधी. ते शहर दोन हजार वर्षं जागेवर हाय, आणखी वरीसभर कुठं जात न्हाई. आणि मला काय सांगायचं ते सोपाऱ्याला नेऊन सांगा. तिथवर माझं गुडघं येतील."

फी भरली. शिष्यवृत्तीचे पैसे आले की ते पुन्हा त्याच खात्यात जातील, असे पुतण्याने स्वतः लिहून दिले. अलेक्झांड्रिया पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरवर गेले. आणि यंदाची धम्मयात्रा ठरली ती अशी : आधी सोपारा. तिथल्या स्तूपाला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणतात. १८८२ साली तिथल्या दगडी पेटीत आठ काशाच्या बुद्धमूर्ती, एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. मग मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जिथे सोपाऱ्याचा अशोकलेख आहे. मग कान्हेरी, तिथल्या लेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावे आहेत. शेवटी कार्ले आणि जुन्नर. कार्ल्याच्या पायऱ्या सासूबाईंना झेपणार नाहीत. त्यांच्यासाठी खांबांचे फोटो काढून आणू आणि नावे वाचून दाखवू.

वाचकहो, ही यादी कोणत्याही कुटुंबाला करता येण्यासारखी आहे. एकेक रविवार पुरतो. मुलांना सोबत न्या. लेण्यात शिरल्यावर आधी मोबाइल बाहेर काढू न देता खांबावरचा लेख दाखवा आणि सांगा की हे दान कोणी दिले, कोणत्या गावच्या माणसाने दिले. घरात कोणी गोदीत, गिरणीत, रेल्वेत कष्ट केले असतील, तर त्यांच्या तोंडून जगाची नावे ऐकून लिहून ठेवा. आपल्या वृद्धांना भेटणे हाही धम्मयात्रेचाच भाग आहे, असे अशोकाने दगडावर लिहून ठेवले आहे. आणि परदेशी जायची ऐपत आली तर जरूर जा. पण तिथे आपलं कोण आहे, हे आधी शोधून मग जा. घरातल्या पोराची फी अडली असेल, तर ती आधी भरा.

मी सासूबाईंना विचारले, "आई, अलेक्झांड्रियाहून तुम्हाला काय आणू?" त्या म्हणाल्या, "काय नको. तिथल्या गोदीत माल उचलणारी माणसं कशी राहतात, त्यांची पोरं शाळेत जातात का, तेवढं इचारून या."

आमच्या कागदावर चौथ्या दिवसासमोर मी तेच लिहून ठेवले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!